गळका बांध

संजीवनी नाटेकर या बाईंनी बँकेत माझी तीन प्रोजेक्टं अडवली. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी त्यांचं कौतुक करायला लागलो की ते ओळखीपोटी नाही एवढं तुमच्या लक्षात राहील.

सिंगापूरच्या एका बँकेत त्या कम्प्लायन्सला होत्या आणि मी आयटीत. कम्प्लायन्स म्हणजे नियमांवर बोट ठेवून बसलेलं खातं. आम्ही सहा-सहा महिने राबून काहीतरी नवं तयार करायचं, आणि ते लोकांसमोर जायच्या आदल्या आठवड्यात बाईंनी चष्मा नाकावर खाली ओढून म्हणायचं, "विवेक, इथे एक फट राहिलीये." की संपलं. कुणीतरी नियम मोडून निसटू शकेल अशी जागा त्यांना शंभर पानांत बरोबर सापडायची आणि ती बुजेपर्यंत त्या सही करायच्या नाहीत. वर नशीब असं, की टॅम्पिनीसमध्ये आम्ही एकाच ब्लॉकमध्ये राहायचो. मी नवव्या मजल्यावर, त्या अकराव्या. लिफ्टमध्ये भेटल्या की मला उगाचच खिसे चाचपावेसे वाटायचे.

साठाव्या वर्षी त्या निवृत्त झाल्या तेव्हा निरोपाचा केक कापून त्यांनी चारच वाक्यांचं भाषण केलं. "तीस वर्षं मी लोकांना नाही म्हणण्याचा पगार घेतला. चांगला घेतला. पण माझ्या हातानं उभं केलेलं असं काहीच मला दाखवता येणार नाही. तेवढं राहिलं." सगळे हसले. मीही हसलो. त्या हसत नव्हत्या, हे मला दुसऱ्या दिवशी आठवलं आणि जरा ओशाळल्यासारखं झालं.

पुढच्या मे महिन्यात त्या कॅनडात लेकीकडे गेल्या. लेक अवनी तिकडे नोकरी करते आणि शनिवार-रविवारी गावातल्या लोकांबरोबर ओढ्यात उतरते. तिकडच्या थंड ओढ्यांमध्ये सॅमन माशाची पिल्लं वाढतात. लाकूडतोडीनं आणि ओढे सरळ केल्यानं पाणी नुसतं धावत सुटायला लागलं, पिल्लांना थांबायला जागा उरली नाही. म्हणून हे लोक ओढ्याच्या तळात लाकडी खुंट ठोकतात आणि त्यांत फांद्या विणतात. बस. सिमेंट नाही, यंत्र नाही. पाणी अडखळतं, मागेपुढे छोटे डोह तयार होतात, पिल्लं त्यांत राहतात. बाई तिथे गुडघाभर पाण्यात उभ्या राहिल्या. पाय बधिर झाले तरी बाहेर येईनात.

एकच गोष्ट त्यांना खटकली. फांद्यांमधून पाणी सरळ आरपार जात होतं.

"एवढी मेहनत करता, मग ही भोकं कधी बुजवणार?" त्यांनी अवनीला विचारलं.

"आई, पाणी जाऊच द्यायचंय," अवनी म्हणाली.

बाईंनी ते ऐकलं आणि सोडून दिलं. काम अर्धवट टाकणारी माणसं अशीच उत्तरं देतात, हा त्यांचा तीस वर्षांचा अनुभव. शिवाय कॉलेजात असताना एनएसएसच्या शिबिरात त्यांनी भोरजवळ वनराई बंधारे घातले होते. त्या पिढीच्या निम्म्या महाराष्ट्रानं घातलेत. पोत्यांत माती भरायची, ओहोळात आडवी रचायची, थेंब गळता कामा नये. थेंब गळला तर सर पुन्हा रचायला लावायचे. तेव्हा बंधारा म्हणजे काय हे कॅनडानं त्यांना शिकवायची गरज नव्हती.

टॅम्पिनीसच्या टोकाला, सायकलच्या वाटेलगत एक ओहोळ आहे. वरच्या बाजूला थोडं जंगल उरलंय, तिथून तो सावलीतून येतो. मग चाळीस मीटरचा एक उघडा तुकडा लागतो. तिथली झाडं वादळात पडली, काठ ढासळत चालला, पाऊस पडला की पाणी घोंघावत जातं आणि उन्हात घोटाभर कढत पाणी उरतं. काठ असाच खचला तर वाट जाईल, म्हणून त्या तुकड्याला सिमेंटचं अस्तर घालायचं ठरलं होतं. वरच्या सावलीत एक भुरकट, बोटाएवढा मासा राहतो, जंगलातला बेट्टा. त्यातला नर अंडी तोंडात घेऊन सांभाळतो आणि तोवर उपाशी राहतो. पिल्लं सोडायला त्याला सावली, गारवा आणि पालापाचोळा लागतो. खालच्या तुकड्यात पूर्वी पिल्लं दिसायची म्हणे. आता नाही.

बाईंनी जुलैत अर्ज केला. चौदा पानं, नकाशे, खुंटांची लांबी, फांद्या कुठून आणणार, कोण जबाबदार. ओढ्या-नाल्यांच्या खात्यातली मिस टिओ नावाची तरुण अधिकारी तो वाचून स्वतः भेटायला आली. "आंटी," ती सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "युवर फॉर्म बेटर दॅन अवर फॉर्म लाह." परवानगी मिळाली, पण अट होती. फेब्रुवारीच्या शेवटी ती जाळं घेऊन येणार. त्या चाळीस मीटरमध्ये बेट्टाची पिल्लं सापडली आणि काठ टिकला, तर सिमेंट रद्द. नाही सापडली, तर मार्चमध्ये गाड्या लागणार.

"योग्य अट आहे," बाई म्हणाल्या. दुसऱ्याची अट त्यांनी योग्य म्हटलेली मी पहिल्यांदाच ऐकली.

गणपती झाल्यावरच्या रविवारी पावणेसातला मी तिथे होतो. कसा होतो हे विचारू नका. आदल्या संध्याकाळी फोनवर मेसेज आला होता, "उद्या ६.४५. जुने बूट." नकार द्यायची सवय बँकेनं मला कधी लागूच दिली नाही. ओळखीचे दहा-बारा मराठी लोक जमले होते, बहुतेक बँकवाले आणि आयटीवाले, हातांना कीबोर्डापलीकडची सवय नसलेले. तरी घण हातात आल्यावर सगळ्यांच्या अंगात आलं. खुंट ठोकले, छाटणीवाल्यांकडून आणलेल्या फांद्या विणल्या. अर्जातल्या चित्राबरहुकूम काम दहापर्यंत उरकलं. पाणी फांद्यांतून खळखळ जात होतं.

बाई काठावर उभ्या राहून बघत होत्या. त्यांचा चष्मा खाली आला. मी ओळखलं.

"फट आहे," त्या म्हणाल्या.

गाडीच्या डिकीत टेक्का बाजारातल्या दुकानातून आणलेली तांदळाची रिकामी पोती तयारच होती! अर्जात पोत्यांचं नाव नव्हतं. मी तसं म्हटलं तर उत्तर आलं, "ही सुधारणा आहे." दोन वाजेपर्यंत आम्ही पोत्यांत माती भरली, रचली, फटींत चिकणमाती थापली. थेंब गळेना. मागे पाणी चढत चढत कमरेपर्यंत आलं तेव्हा कुणीतरी "पाणी अडवा, पाणी जिरवा" अशी आरोळी दिली आणि चाळिशी-पन्नाशीची शहाणी माणसं शाळकरी पोरांसारखी नाचली. शुभदानं, म्हणजे माझ्या बायकोनं, साबुदाणेवडे आणले होते. नारळ फोडला. बाईंनी बंधाऱ्याशेजारी उभं राहून फोटो काढून घेतला. एवढ्या खुश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं, आणि खरं सांगतो, मलाही फार बरं वाटलं.

ज्या देशात आठवड्यातून चारदा पाऊस पडतो तिथे पाणी जिरवायचं कशाला, हा प्रश्न आमच्यापैकी एकालाही पडला नाही. लहानपणापासून कानावर पडलेलं कुठे डोक्यातून जातं!

तीन आठवड्यांनी त्यांनी मला खाली बोलावलं. स्वयंपाकघरातला थर्मामीटर दोरीला बांधून त्या पाण्यात सोडत होत्या. वरच्या सावलीत सव्वीस. आमच्या बंधाऱ्यामागे साडेएकतीस. पाणी हिरवं पडलं होतं, उभं होतं, मासा औषधाला नव्हता. आणि पाण्यावर बारीक काहीतरी वळवळत होतं. सिंगापूरमध्ये राहणाऱ्या माणसाला ते काय आहे हे सांगावं लागत नाही. इथे कुंडीखालच्या बशीत पाणी साचलं तरी लोक घाबरतात. आम्ही तर डासांसाठी तलाव बांधला होता.

"रात्र पडायच्या आत पोती काढून टाकू," मी म्हणालो. "अर्जात पोती नव्हतीच. आता जागेवरही नसतील. कुणाला काय कळतंय?"

त्या माझ्याकडे असं बघायला लागल्या की माझं चौथं प्रोजेक्ट तिथल्या तिथे नामंजूर झालं. मग फोन काढून त्यांनी मिस टिओला लिहिलं. परवानगीबाहेर जाऊन पोती रचली, पाणी तुंबलं, अळ्या झाल्या, चूक सर्वस्वी माझी, सोबत फोटो. तो बंधाऱ्याशेजारचा हसरा फोटोही जोडला. मी म्हटलं, तो कशाला? त्या म्हणाल्या, "पुरावा पूर्ण हवा."

मिस टिओ तासाभरात आली. पाण्याकडे बघितलं, पोत्यांकडे बघितलं.

"आंटी, यू वर कम्प्लायन्स," ती शेवटी म्हणाली. "यू ऑल्सो लाइक धिस?" म्हणजे, तुम्हीसुद्धा असंच वागणार?

साठी उलटलेल्या बाईंची मान खाली गेली. मला वाटलं होतं हे बघताना मजा येईल. तीन प्रोजेक्टांची वसुली. जराही मजा आली नाही.

मिस टिओनं पोती त्याच दिवशी काढायला लावली. फाइल बंद करायचा तिला अधिकार होता. केली नाही. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाली, तक्रार यायच्या आधी स्वतःहून कळवणारा आजवर तिला एकही भेटला नव्हता, म्हणून एक संधी. फेब्रुवारीची तारीख मात्र तीच राहणार.

पोती निघाल्यावर पाणी एका दमात गेलं आणि निम्मे खुंटही घेऊन गेलं. आता बाई हाय खाणार, मी शुभदाला म्हटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसला जाताना बघतो तर त्या ओहोळाच्या काठावर प्लास्टिकच्या स्टुलावर बसलेल्या. तिसऱ्या दिवशीही. पंधरा दिवस त्यांनी काहीही केलं नाही. नुसतं बघितलं. तीस वर्षं कागद वाचले तसा ओहोळ वाचत होत्या.

सोळाव्या दिवशी त्यांनी मला बोटानं दाखवलं. वरून वाहत आलेली एक फांदी दोन दगडांत आपली आपणच अडकली होती. तिच्यात पानं अडकली होती. पाणी तिच्यातून गाळून खाली पडत होतं आणि पडता पडता त्यानं तळ उकरून हातभर खोल खळगा केला होता. फांदीची सावली, गार पाणी, वाहतं असल्यामुळे अळी नाही. आणि त्या खळग्यात, पानांखाली, एक भुरकट बेट्टा.

"ही फांदी कुणी ठेवली?" त्यांनी विचारलं.

"कुणीच नाही."

"तेच म्हणते मी."

त्या संध्याकाळी त्यांनी अवनीला फोन केला. अवनीनंच मला नंतर हे सांगितलं. एरवी आईचा फोन म्हणजे जेवलीस का, बचत करतेस का, एवढंच. त्या दिवशी आई म्हणाली, "तुझे लोक भोकं का ठेवतात ते मला नीट सांग. मी तेव्हा ऐकलं नव्हतं." अवनी चाळीस मिनिटं बोलली आणि आई मध्ये एकदाही बोलली नाही. लाइन तुटली की काय म्हणून अवनीनं दोनदा "हॅलो" केलं. फोन ठेवल्यावर आपण रडलो, असंही तिनं सांगितलं. तिनं सांगितलं म्हणून लिहितोय.

नोव्हेंबरात दुसऱ्यांदा काम काढलं. या वेळी मोठा बांध नाही. चाळीस मीटरमध्ये पाच लहान आडोसे, एक डावीकडून, एक उजवीकडून, कुठलाच पूर्ण ओहोळ ओलांडणारा नाही. अर्ज दुरुस्त करून, मिस टिओची सही घेऊन मगच पहिला खुंट. खुंटांमध्ये फांद्या विणायच्या त्या कुडाची भिंत विणतात तशा, एक आतून, एक बाहेरून. काठावर जंगली बदामाची पडलेली पानं होती, ती पोत्यानं आणून मागे सोडली. पोत्यांचा एवढाच उपयोग उरला होता. मी घण मारायचो, बाई विणायच्या. त्यांची बोटं सोलवटली, नखांत चिखल बसला. बँकेत कधी बाहीला सुरकुती न पडलेली ही बाई कंबरभर गाळात बसून फांद्यांशी भांडत होती आणि तोंडानं गुणगुणत होती.

एकदा मला एक मोठं भोक दिसलं. सवयीनं मी मूठभर चिखल उचलून त्यात दाबला. पट्कन हातावर चापटी बसली.

"राहू दे ती फट!"

हे वाक्य या तोंडून ऐकायला मी जिवंत राहिलो, याबद्दल मनातल्या मनात हात जोडले.

अवघड त्यांनाच जात होतं, हे मला दिसत होतं. काम झालं की त्या दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून उभ्या राहायच्या. हात मोकळे सोडले तर भोक बुजवतील अशी त्यांना स्वतःचीच भीती वाटत होती.

जानेवारीत दोन दिवस, दोन रात्री असा पाऊस कोसळला की नवव्या मजल्यावरून समोरचा ब्लॉक दिसेना. तिसऱ्या सकाळी उघडीप मिळताच आम्ही धावलो. मी मनाची तयारी करून गेलो होतो. तिसऱ्या आडोशाचे दोन खुंट वाकले होते, चौथा थोडा सरकला होता. बाकी सगळं उभं होतं. उलट वरून वाहून आलेल्या काटक्या आणि पानं आमच्या विणीत अडकून आडोसे जाडजूड झाले होते. पुरानं आमचंच काम पुढे नेलं होतं. आडोशांमागे गाळ बसून काठाला पायरी आली होती, आणि प्रत्येक आडोशाखाली एक एक खळगा पडला होता. पोत्यांचा बंधारा असता तर वाटेसकट गेला असता. बाईंनी थर्मामीटर सोडला. साडेसव्वीस. सिंगापुरात याला थंडगार म्हणतात.

"मासे?" मी विचारलं.

"विचारू नकोस," त्या म्हणाल्या.

फेब्रुवारीच्या शेवटच्या शुक्रवारी मी चक्क रजा टाकली. मिस टिओ उंच बूट घालून, हातजाळं आणि पांढरी परात घेऊन पाण्यात उतरली. आम्हाला काठावर थांबायला सांगितलं. पहिला आडोसा. जाळं वर आलं, परातीत झाडलं. पानं, दोन कोळंब्या. दुसरा. पानं. तिसऱ्यात परदेशी गप्पी मासे निघाले, ते कुठल्याही गटारात असतात. तिनं मान हलवली आणि वहीत लिहिलं. बाई स्टुलावरून उठल्या होत्या. हात मागे, घट्ट. मी देव मानत नाही, पण चौथ्या आडोशापाशी ती वाकली तेव्हा मी सिद्धिविनायकाला काय काय कबूल केलं ते शुभदाला सांगायची सोय नाही.

चौथ्याच्या विणीत तेच भोक होतं. माझ्या हातावर चापटी मिळाली ते. त्यातून पाण्याची एक धार खळग्यात पडत होती, आणि धारेच्या आड पानांचा थर साचला होता. मिस टिओनं जाळं पानांखाली सरकवलं, सावकाश वर घेतलं, परातीत उपडं केलं. आणि तशीच वाकलेली राहिली.

"आंटी," ती म्हणाली. "कम. कम, क्विक!"

बाई बुटांसकट पाण्यात शिरल्या. मीही. परातीत एक मोठा बेट्टा होता, गळा फुगलेला, तोंड घट्ट मिटलेलं.

"तोंडात अंडी आहेत," मिस टिओ कुजबुजली. पण बाई त्याच्याकडे बघतच नव्हत्या. परातीच्या कडेला, पानाच्या तुकड्याजवळ, तांदळाच्या दाण्याएवढं काहीतरी हललं. मग दुसरं. मग मिस टिओनं पान उचललं आणि परातभर पिल्लं सैरावैरा पळाली. मिस टिओ मोजायला लागली, एकोणिसाला चुकली, पुन्हा मोजायला लागली आणि मध्येच हसत सुटली. पाचव्या आडोशाखाली आणखी सापडली. जरा मोठी, म्हणजे आधीच्या विणीची. एकदा नाही, दोनदा इथे बेट्टा बाप झाला होता.

संजीवनीताई ओहोळात उभ्या राहून मोठ्यानं रडल्या. मग हसल्या. मग मिस टिओला मिठी मारली, जी सरकारी कामात बसत नाही, आणि मिस टिओनंही ती तितकीच घट्ट मारली. वाटेवरून जाणारी एक सायकल थांबली, मग दुसरी. मी परात धरून उभा होतो आणि अनोळखी लोकांना ओरडून सांगत होतो, "बेबी फिश! शी मेड धिस! शी!" लाज वगैरे काही वाटली नाही.

सिमेंट रद्द झालं. आठवड्याभरात लेखी कागद आला, आणि सोबत दुसरा. खालच्या ऐंशी मीटरला अस्तर घालण्याआधी हेच करून बघता का, अशी विचारणा. जुन्या कामाच्या फॉर्मवर एक रकाना होता, बांधकाम कुणी केलं. ताईंनी तो तीनदा वाचला. मग पेन घेऊन त्यात स्वतःचं नाव लिहिलं, अक्षर जरा मोठंच आलं. कागदाचा फोटो अवनीला पाठवला. अवनीचं उत्तर आलं, "आई, भोकं छान आलीयेत."

त्या रविवारी खालच्या तुकड्यात पहिला खुंट रोवत होतो. मी घण उचलला, ताईंनी खुंट धरला. ऊन डोक्यावर आलं नव्हतं, पाणी पायांना गार लागत होतं.

"विवेक," त्या म्हणाल्या, "तुझी ती तीन प्रोजेक्टं."

घण माझ्या हातात तसाच राहिला.

"दोन अडवली ते बरोबरच होतं. एक मी उगाच अडवलं. तेवढी फट चालली असती."

"कुठलं?" मी ओरडलो. "ताई, कुठलं?"

त्यांनी चष्मा नाकावर खाली ओढला, खुंटाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"मार आता," त्या म्हणाल्या. "सरळ मार."